मजकुराच्या खुणा

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल ग्वाल्हेरीस गेली होती. किल्ला, तानसेनाची कबर आणि जयविलास राजवाडा पाहून झाल्यावर अखेरच्या दिवशी दुपारी आम्ही फूलबागेत येऊन टेकलो. सर्वांचे पाय भरून आले होते. तथापि राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी कोणी मोठ्याने बोलत नव्हते. दर्शन झाल्यावर बाईंनी सर्वांस हिरवळीवर बसविले आणि सांगितले, "जे पाहिले, जे ऐकले, ते आताच वहीत उतरवा. घरी गेल्यावर ते संगणकावर लिहून वार्षिकाच्या मंडळाकडे द्यावयाचे आहे." ते मंडळ म्हणजे आम्हीच.

पंधरा दिवसांत एकतीस टिपणे आमच्या हाती आली. ती उघडताच डोळे दिपून गेले. एकाने 'झाशीची राणी' हे शब्द तांबड्या रंगात, जाड ठशात व मागे सावली देऊन घातले होते. दुसऱ्याने प्रत्येक परिच्छेदास निराळे वळण दिले होते. तिसऱ्याने तर फूलबागेतील मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज या चारही वास्तूंची नावे चार रंगांत रंगविली होती. परंतु यांतील मथळा कोणता, उपमथळा कोणता, हे शोधावयास गेलो तर सापडेना. कारण लेखकाने अक्षर मोठे केले होते, पण ते का मोठे केले हे कोठेच नमूद नव्हते. आणि याहून मोठी उणीव पुढेच होती. राणी लक्ष्मीबाई १८५८ च्या जून महिन्यात ग्वाल्हेरजवळच्या लढाईत धारातीर्थी पडल्या, हा इतिहास आहे. तारखेविषयी मात्र ग्रंथांत एकमत नाही. कोठे १७ जून आढळते, कोठे १८. त्यांचा नवा घोडा स्वर्णरेखेच्या ओढ्यापाशी अडला, ही कथा आम्हांस वाटाड्याने सांगितली. समाधीचा चौथरा आम्ही स्वतः पाहिला. एकतीस टिपणांपैकी जवळजवळ सर्वांत या तिन्ही गोष्टी एकाच ओघात, एकाच स्वरात आल्या होत्या. रंग चार होते, परंतु ऐकलेले आणि पाहिलेले यांत भेद दाखविणारी एकही खूण नव्हती.

तेव्हापासून आमचे असे मत झाले आहे की, शाळेत संगणकावर मराठी लिहावयास शिकविताना प्रथम खुणा शिकवाव्यात आणि सजावट मागाहून शिकवावी. आज याच्या नेमके उलट चालते. विद्यार्थी पहिल्या दिवशी रंगांची पेटी उघडतो आणि परिच्छेद कसा पाडावा हे वर्ष संपेपर्यंत त्यास ठाऊक नसते.

खुणा म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. २००४ साली जॉन ग्रुबर या अमेरिकन लेखकाने 'मार्कडाउन' नावाची एक लहानशी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या घडणीत त्यास ॲरन स्वार्ट्झ याचे साहाय्य झाले होते, आणि स्वार्ट्झचे वय त्या वेळी अवघे सतरा होते. आमच्या दहावीच्या वर्गातील मुलांनी हे वय ध्यानात ठेवावे. या पद्धतीत मजकूर साधाच लिहावयाचा. मथळ्याच्या ओळीआधी # हे चिन्ह व एक मोकळी जागा. उपमथळ्याआधी तेच चिन्ह दोनदा. शब्दावर भर द्यावयाचा असल्यास त्याच्या दोन्ही अंगांस दोन दोन तारे. दुसऱ्याचे वचन असल्यास ओळीच्या आरंभी > हे चिन्ह. दोन परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ. एवढ्या सामग्रीवर शालेय निबंधाचे नव्वद टक्के काम भागते. यंत्राने या खुणा वाचून मथळा मोठा करावा, वचन आत सरकवून मांडावे. पण यंत्र नसले तरी माणसास तोच मजकूर तसाच वाचता यावा, हा या पद्धतीचा मूळ संकल्प आहे. संकेतस्थळांची जी मूळ लिपी, एचटीएमएल, तिच्यात प्रत्येक परिच्छेदास उघडणारी व मिटणारी अशी दोन कुंपणे घालावी लागतात आणि मजकूर त्या कुंपणांतून शोधावा लागतो. मार्कडाउनमध्ये कुंपण नाही, बांधावर ठेवलेला दगड आहे.

हे सर्व परदेशी आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून आम्ही पुन्हा ग्वाल्हेरीसच जातो.

१९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय स्थापन झाले. ग्वाल्हेर हे ख्यालगायकीचे जुने पीठ. तेथील गवई पिढ्यान्‌पिढ्या ऐकून शिकले आणि ऐकवून शिकविते झाले. त्यांच्यापुढे भातखंड्यांनी एक स्वरलिपी ठेवली. राजाभैया पूछवाले यांच्यासारख्या जाणत्या गायकांनी मुंबईस जाऊन ती त्यांच्यापाशी शिकून घेतली, आणि राजाभैया पुढे त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. वयाने व विद्येने प्रौढ असे गवई पाटी घेऊन बसले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

ती स्वरलिपी कशी आहे ते पाहावे. सा, रे, ग, म ही आपली नेहमीची अक्षरे. शुद्ध स्वर मध्य सप्तकातील असेल तर त्यास कोणतेही चिन्ह नाही. स्वर कोमल असेल तर अक्षराखाली आडवी रेघ. मध्यम तीव्र असेल तर डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकास खाली बिंदू, तार सप्तकास वर बिंदू. समेस फुली, खालीस शून्य, टाळ्यांस आकडे. जे नित्याचे ते बिनखुणेचे, आणि जे वेगळे तेवढ्यासच खूण. या तत्त्वावर ती उभी आहे, आणि मार्कडाउनही नेमके याच तत्त्वावर उभे आहे. साध्या वहीत, साध्या बोरूने लिहिता यावी, छापखान्यातील खिळ्यांनी फारसा त्रास न होता जुळविता यावी, आणि गाणे न येणाऱ्यासही निदान अक्षरे वाचता यावीत, अशी ती लिपी आहे. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तक मालिका' या नावाने तिच्यात शेकडो बंदिशी मराठी पुस्तकांतून छापून निघाल्या. ज्या घराण्यांच्या चिजा केवळ कंठात होत्या, त्या कागदावर आल्या.

त्याच काळात पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीही स्वरलिपी तयार केली होती. मात्रेच्या सूक्ष्म भागांसाठी तीत निरनिराळी चिन्हे होती. ती अधिक काटेकोर होती, हे जाणकारही मान्य करतात. परंतु लिहिण्यास ती जड. प्रचारात सर्वत्र गेली ती भातखंड्यांची हलकी लिपी. यात कोणाचे श्रेष्ठत्व वा कनिष्ठत्व आम्हांस ठरवावयाचे नाही. आमचे लक्ष वेधले ते एका बारीक गोष्टीने. भातखंड्यांच्या लिपीत अक्षरावरील बिंदू तार सप्तक दाखवितो. पलुसकरांच्या लिपीत तोच बिंदू मंद्र दाखवितो. एकाची खूण दुसऱ्याच्या वहीत वाचली तर गायक दोन सप्तके चुकेल!

नेमका हाच अनुभव आमच्या मंडळाने घेतला. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंस एकेक तारा (*) दिला की अक्षर ठळक होते. हे आमच्या सर्व मुलांस पाठ आहे. म्हणून त्यांनी लेखांतही एकेकच तारा दिला. मार्कडाउनमध्ये एका ताऱ्याने अक्षर तिरपे होते. परिणामी फूलबागेवरील पहिल्या मसुद्यात राणी लक्ष्मीबाईंचे नाव जेथे जेथे आले तेथे तेथे ते वाऱ्याने कलल्यासारखे दिसू लागले. तिरपे अक्षर हा रोमन छपाईतला रिवाज; देवनागरीस तो मानवत नाही, अक्षरांचा तोल जातो. तेव्हा मराठीत एक तारा वापरूच नये, भर द्यावयाचा तर दोनच द्यावेत, असा नियम आम्ही मंडळापुरता केला. मार्कडाउनच्या पोटभाषा इतक्या झाल्या की २०१४ साली त्यांच्यात एकवाक्यता आणण्यासाठी 'कॉमनमार्क' नावाची नियमावली तयार करावी लागली. खुणांचा करार आधी व्हावा लागतो. करार नसेल तर खूण म्हणजे नुसता डाग.

आता मराठी लिहिणाऱ्यास ज्या अडचणी येतात त्यांविषयी. त्या झाकून ठेवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

पहिली अडचण कळफलकाची. शाळेत 'इन्स्क्रिप्ट' हा भारतीय भाषांसाठी ठरविलेला कळफलक शिकवितात, आणि तो शिकवावा हेच योग्य. परंतु त्यावर # च्या जागी रकाराची खालची रेघ बसली आहे, ताऱ्याच्या जागी 'श्र' आहे, > च्या जागी दंड आहे आणि चौकोनी कंसाच्या जागी 'ड' आहे. म्हणजे ज्या ज्या खुणा हव्यात, त्यांच्या आसनांवर आपलीच अक्षरे विराजमान! प्रत्येक मथळ्यास कळफलक इंग्रजीत न्यावा, चिन्ह द्यावे आणि परत मराठीत यावे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. आमच्यातील काही जण आधी सर्व मजकूर लिहून घेतात आणि खुणा शेवटी एकदमच पेरतात. ही युक्ती बरी आहे, कारण त्यामुळे स्वतःचा लेख एकदा पहिल्यापासून वाचला जातो.

दुसरी अडचण आकड्यांची. १, २, ३ असे मराठी आकडे घालून, पुढे बिंदू देऊन यादी लिहिली तर ती यादी आहे हे यंत्रास कळत नाही. सर्व कलमे एका परिच्छेदात ओळीने चिकटून बसतात. यादी ओळखली जाते ती केवळ इंग्रजी आकड्यांनी. हा दोष मराठीचा नाही, नियम करणाऱ्यांच्या दृष्टीच्या टप्प्याचा आहे. तो दूर व्हावा अशी मागणी मराठी, हिंदी, नेपाळी लिहिणाऱ्यांनी एकत्र येऊन केली पाहिजे. तोवर आम्ही यादीस आडव्या रेघेची खूण वापरतो.

तिसरी गोष्ट अडचण म्हणावी की व्याकरणाचा पाठ म्हणावा, याविषयी आमच्यातच मतभेद आहेत. इंग्रजीत शब्द सुटा असतो. त्यास तारे लावावेत आणि पुढे चालावे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दास येऊन मिळतो व मिळताना शब्दाचे रूपही पालटतो. एका मुलीने 'फूलबागेत' हा शब्द लिहिताना केवळ 'फूलबाग' एवढ्यालाच तारे लावले. झाले काय, तर 'ग'ची मात्रा ताऱ्यांच्या पलीकडे राहिली आणि एका ठिपक्यांच्या वर्तुळावर अधांतरी लटकली. तिला वाटले यंत्र बिघडले. यंत्र बिघडले नव्हते. तिने मराठी शब्द जेथे तुटत नाही तेथे तोडला होता. सामान्यरूप म्हणजे काय, हे आठवीच्या पुस्तकात आम्ही तीन वेळा वाचले. पण त्या लटकलेल्या मात्रेने जे शिकविले ते पुस्तकाने शिकविले नव्हते. मराठी विकिपीडिया, जो २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला, त्याचे लेखक या प्रश्नातून रोज जातात. तेथे दुसऱ्या लेखाचा दुवा देताना दुहेरी चौकोनी कंसांत आधी लेखाचे मूळ नाव, मग एक उभी रेघ, आणि मग वाक्यात शोभणारे रूप लिहावे लागते: आधी 'पुणे', पुढे 'पुण्याला', आधी 'फूलबाग', पुढे 'फूलबागेत'. आम्हांस तर ही उभी रेघ पाहून प्रातिपदिक आणि विभक्त्यन्त रूप यांच्यामध्ये पाणिनीच उभा आहे असे वाटते. मराठीच्या शिक्षकांनी ही वही आमच्याकडून मागून घ्यावी.

चौथी अडचण सर्वांत दुःखदायक ठरली, आणि तीत चूक आमचीच होती. सातवीतील एका मुलीने फूलबागेवर आठ ओळींची कविता दिली होती. आम्ही ती जशीच्या तशी घातली. छापून पाहतो तो आठही ओळी सलग, गद्यासारख्या! या पद्धतीत ओळ नुसती मोडली तर ती मोडली असे यंत्र मानीत नाही. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. कवयित्रीच्या डोळ्यांस पाणी आले. तिची आम्ही क्षमा मागितली आणि कविता नीट करून घेतली. परंतु मार्कडाउनविषयी आमची एक तक्रार त्या दिवशी कायम झाली. दोन मोकळ्या जागा डोळ्यांस दिसत नाहीत, आणि दिसत नाही तिला खूण कोणत्या न्यायाने म्हणावे? कॉमनमार्कप्रमाणे ओळीच्या शेवटी एक उलटी तिरपी रेघ दिली तरी चालते. आम्ही आता तीच देतो. कोष्टकांविषयी तर न बोललेलेच बरे. ती या पद्धतीत लिहू नयेत.

आमच्या ज्येष्ठ शिक्षकांपैकी काहींनी असा आक्षेप घेतला की ही कारकुनी विद्या आहे. मुलांचे हस्ताक्षर आधी सुधारा, मग खुणांचे पाहू. आक्षेपाचा पूर्वार्ध आम्ही मान खाली घालून मान्य करतो. उत्तरार्धाविषयी एवढेच निवेदन आहे की खुणांवाचून लेखन कधीच नव्हते. जुन्या पोथ्यांत अध्यायाच्या समाप्तीची ओळ गेरूने माखलेली असे, ती शोभेसाठी नव्हे. पाने चाळणाऱ्यास अध्याय कोठे संपला हे कळावे म्हणून. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही तर मराठीत उण्यापुऱ्या पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली, तेव्हा त्या चिन्हांसही परकी म्हणणारे असतीलच. आज स्वल्पविराम चुकला तर तेच ज्येष्ठ शिक्षक आमचा अर्धा गुण कापतात.

आणि कारकुनीचेच म्हणाल, तर हे काम कारकुनाहून अधिक विचार करावयास लावते. फूलबागेची एकतीस टिपणे आम्ही लेखकांस परत दिली आणि सांगितले की रंग सर्व काढा. मथळ्यास मथळ्याची खूण करा, वाटाड्याच्या वाक्यास वचनाची खूण करा, स्वतः पाहिलेले तेवढे बिनखुणेचे ठेवा. एक मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "घोड्याची कथा मला वाटाड्याने सांगितली, की मी आधी पुस्तकात वाचली होती, ते आता आठवत नाही. कोणती खूण करू?" आम्ही त्यास ते पुस्तक शोधावयास ग्रंथालयात धाडले. रंगांच्या पेटीने हा प्रश्न त्यास कधीच विचारला नसता.

एक गोष्ट शेवटी सांगावयाची राहिली. ती सांगितल्यावाचून आमचा हा आग्रह कोठून आला हे कळणार नाही. आमच्या शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवून दिवंगत झालेल्या एका गुरुजींचा लेख यंदाच्या अंकात पुनर्मुद्रित करावा असे ठरले होते. तो १९९८-९९ च्या वार्षिकात आला होता. त्या वर्षीच्या अंकाची चकती कपाटात जपून ठेवलेली मिळाली, उघडलीही. पण पडद्यावर आला तो इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक चिखल. त्या काळी मराठी टंक म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेला मुखवटा असे. मुखवटा हरवला की आतले मराठी हरवले. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ सालीच निघाली होती आणि तीत देवनागरीस स्थान होते. परंतु मराठी छपाईत ती रुळण्यास पुढे बरीच वर्षे लागली. गुरुजींचा लेख त्या मधल्या वर्षांत सापडला. ज्या छापखान्याने तो टंक वापरला होता, तो छापखानाच आता राहिला नाही. चकतीवर मथळा सुंदर वेलबुट्टीत होता असे म्हणतात. ती वेलबुट्टीही गेली आणि शब्दही गेले.

ग्रंथालयात त्या अंकाची एकच छापील प्रत आहे. तिला वाळवी लागली आहे. नववीतील तिघे जण गेला महिनाभर मधल्या सुट्टीत बसून तो लेख शब्दशः उतरवीत आहेत: युनिकोडात, साध्या मजकुरात, मथळ्यास # देऊन आणि गुरुजींनी आपल्या वडिलांचे म्हणून दिलेले एक वाक्य > या खुणेखाली ठेवून. पृष्ठे ४३ व ४४ मिळत नाहीत. त्या जागी त्यांनी एक रिकामी ओळ सोडून चौकोनी कंसात 'दोन पृष्ठे गहाळ' असे लिहून ठेवले आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांपाशी किंवा पालकांपाशी १९९८-९९ चा अंक असेल, त्यांनी तो आठ दिवसांकरिता ग्रंथालयात आणून द्यावा. उतरून घेताच तो जसाच्या तसा परत केला जाईल.